टेबलावरचा मॅनिफोल्ड

ताईने शर्यतीच्या गाडीचा तडकलेला इनटेक मॅनिफोल्ड काढून टेबलावर आपटला आणि नवा बसवला. इंजिनाला हवा पुरवणारा तेवढा भाग बदलला, की धाकटी दुपारच्या शर्यतीला मोकळी.

धाकटीने गाडी चालू केली. इंजिनाचा ठेका कुठे चुकत नव्हता, तरी हवा ओढल्याचा तो जुना फुसफुसाट येतच होता.

ताईने सवयीप्रमाणे रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं सांध्यासांध्यावरून फिरवलं. नवा भाग गप्प होता. फुसफुसाट मागून, टेबलावरून येत होता. कशालाच न जोडलेला तो जुना मॅनिफोल्ड हवा ओढत होता.

तिने त्याच्या तोंडावर तळहात दाबला. गाडी बंद पडली. हात उचलला, तशी आपोआप सुरू झाली.

"ताई, मी किल्लीला हातसुद्धा लावला नाही," धाकटी सीटवरूनच म्हणाली. "राहू दे ती शर्यत."

"का म्हणून? भंगाराने डोळे वटारले म्हणून?" ताईने बाह्या सरसावल्या आणि पुन्हा तळहात दाबला. "ओढ लेका, किती ओढतोस! बघू आधी कोण दमतं."

इंजिन थांबलं. तळहाताखालची ओढ मात्र वाढत गेली. ताईही हटली नाही.

गाडीत पाय आपटल्याचा आवाज आला. "थांब गं जरा," म्हणत ताईने मान वळवली. धाकटीने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला होता. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता.

ताईने हात मागे खेचला. हात सुटेना.