सरांविरुद्ध तक्रार

तक्रारीवर सही नव्हती. प्राचार्यबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मजकूर मात्र मुद्द्याला धरून होता. कॉलेजचे कुस्तीचे प्रशिक्षक स्पर्धेआधी मुलांना उपाशी ठेवतात. दोन दिवसांत चार-चार किलो वजन उतरवायला लावतात. गेल्या महिन्यात सत्तावन्न किलो गटातल्या एका मुलाला तीस तास पाण्याचा थेंब दिला नाही, प्लास्टिकचा कोट घालून बंद खोलीत पळवलं, आणि तो वजनकाट्यावरच कोसळला. हॉस्पिटलात कारण सांगितलं, जुलाब. मुलाची किडनी थोडक्यात वाचली.

“माझा यावर काडीचा विश्वास नाही,” बाई म्हणाल्या. “पण नियम आहे. समिती नेमावी लागेल.”

“नेमा,” सर म्हणाले. “चौकशी झालीच पाहिजे.”

बाईंना त्यांचं कौतुक वाटलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार, पेन्शन अडकणार आणि तेवीस वर्षांत कमावलेलं नाव मातीत जाणार. दुसरा कुणी असता तर त्याने ऑफिस डोक्यावर घेतलं असतं.

घरी ते काम बायकोने केलं. तिचा संशय घोरपडीवर होता. घोरपड म्हणजे सरांचा जुना पठ्ठ्या आणि आताचा मदतनीस प्रशिक्षक; एकदा धरलं की सोडत नाही म्हणून हे नाव. आठ महिने धीर धरवेना मेल्याला, ती म्हणाली, याच टेबलावर जेवलाय आणि आता खुर्चीसाठी घरभेदीपणा करतोय.

“तो नाही,” सर म्हणाले.

“कशावरून?”

“एक पानभर लिहायचं म्हणजे त्याला घाम फुटतो.”

ती हसली नाही. गेला महिनाभर नवऱ्याची झोप उडालेली ती बघत होती. तो कोसळलेला मुलगा हॉस्पिटलात होता ते अकरा दिवस तर सरांनी तिथल्या बाकावरच काढले होते. समितीपुढे काय बोलणार, तिने विचारलं.

“विचारतील ते सांगेन. खरं तेच सांगेन.”

आठवड्याने चौकशी झाली. सर इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी नऊलाच कॉरिडॉरमध्ये येऊन बसले. आत प्राचार्यबाई, एक प्राध्यापक आणि बाहेरून बोलावलेले एक डॉक्टर. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं बरंचसं ऐकू येत होतं.

जुने विद्यार्थी लांबलांबून आले होते. एक पोलिसात, एक बँकेत, एकाचं पोट इतकं सुटलेलं की तो कधी हलक्या गटात खेळला यावर कुणाचा विश्वास बसू नये. सगळ्यांनी एकच सांगितलं. हो, उपाशी राहिलो. मग? सरही आमच्याबरोबर उपाशी राहायचे. भुकेला जो चीत करतो तो कुणालाही चीत करतो, हे त्यांनी शिकवलं म्हणून आज माणसांत आहोत. जबरदस्ती होती का, असं डॉक्टरांनी विचारलं तर आत हशा पिकला. घोरपडीने तर जाहीर केलं की ज्याने हे पत्र लिहिलं त्याला एकदा मॅटवर आणा, बाकी मी बघतो.

शेवटी तो मुलगा आला. गाल अजून बसलेले, बरोबर आई. सरांनी त्याला दाराशी थांबवलं, खांद्यावर हात ठेवला.

“आत कुणाला घाबरू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. जसं झालं तसं सांग.”

मुलाचे डोळे भरून आले. तो आत गेला आणि त्याने सांगितलं की पाणी त्याने स्वतःच बंद केलं होतं, सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, बापाने केलं नसतं इतकं सरांनी केलं. बाहेर सर ताडकन उठले, दारापर्यंत गेले आणि पुन्हा येऊन बसले.

चार वाजता प्राचार्यबाई हसत बाहेर आल्या. सगळे आरोप निराधार. इतकंच नाही, निवृत्तीनंतर तीन वर्षं मुदतवाढ द्यावी अशी समितीचीच शिफारस होती.

“मला आत बोलावलंच नाही,” सर म्हणाले.

“गरजच पडली नाही. तुम्हाला प्रश्न विचारायचा म्हणजे आम्हालाच लाज वाटत होती.”

“मला दोन शब्द बोलायचे होते.”

“सर, आता बोलायचं काय राहिलंय? घरी जा, झोप काढा.”

ते पुढे काही बोलणार तोच पठ्ठ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि जिन्यावरून खाली नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कुस्तीच्या हॉलमध्ये आले तर तो मुलगा त्यांच्या आधीच हजर होता. दारं-खिडक्या बंद, अंगात प्लास्टिकचा कोट, आणि मॅटभोवती फेऱ्या चाललेल्या.

“काढ तो कोट,” सर म्हणाले. “यापुढे कुणी वजन उतरवायचं नाही.”

मुलगा न थांबता हसला. “परीक्षा बघताय ना सर? पुढच्या महिन्यात सत्तावन्नलाच उतरतो. त्या पत्रवाल्याने तुमचं नाव खराब केलं, ते मी धुऊन काढतो.”

सरांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तेव्हा मुलाने वेग वाढवला.

सर आपल्या खोलीत गेले. दाराला आतून कडी लावली, कोरा कागद पुढे ओढला, पेन डाव्या हातात धरलं आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं.