बोरहळ्ळीवरची फुली

सुबोध देशपांडेंनी भिंतीवरच्या नकाशात मैंदर्गीजवळचं बोरहळ्ळी शोधलं आणि त्यावर लाल फुली मारली.

सोलापुरातल्या एका नव्या खाजगी विद्यापीठाच्या प्रवेशांचं नियोजन यंदा त्यांच्याकडे होतं, आणि स्वारी भलतीच खुशीत होती. विद्यार्थी येतात कुठून, याचा नकाशाच त्यांनी करून घेतला होता. पत्ते लिहून घ्यायची जुनी भानगड नाही. मोबाइलवर फॉर्म भरला की मोबाइलच जागा टिपून घेई. एक अर्ज, एक ठिपका.

बोरहळ्ळीवर एकही ठिपका नव्हता. विद्यापीठाचं तिथलं शिक्षणकेंद्र चालवणारी पूनम सकाळपासून त्यांच्या टेबलासमोर उभी होती. वर्ग गावातच भरतो म्हणून आईबाप पोरींना शिकू देतात, केंद्र हललं तर त्यांचं शिक्षण संपलंच, असं तिनं दोनदा सांगून पाहिलं.

"पोरी आल्या की बघा, सर. पंधरा दिवस थांबा."

"येणार कुठून? अर्जच नाहीत, मॅडम."

"गेल्या वर्षी वर्ग भरला होता."

"गेल्या वर्षी नकाशा नव्हता," सुबोध म्हणाले आणि त्यांनी हातातली पट्टी नकाशावर वर सरकवली. करमाळ्याच्या अलीकडे, नदीकाठी, ठिपक्यांचा चांगला घोस दिसत होता. तिथून आजवर एकही विद्यार्थी आला नव्हता. केंद्र तिथेच हवं, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

भरल्या डोळ्यांनी पूनमनं केंद्राच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

आठवड्याभरात बोरहळ्ळीचा फलक उतरला. नवं नाव रंगवून सुबोधनी तो जीपमध्ये टाकला आणि स्वतः नदीकाठी गेले. मोबाइलनं नेमक्या जागी आणून सोडलं. समोर मोकळं रान होतं. तीन दगडांच्या चुली, राख आणि सगळीकडे लेंड्या. बांधावर शेतमालक अजिनाथ उभा होता.

इथली कॉलेजची मुलं कुठे राहतात, असं त्यांनी रुबाबात विचारलं.

"बिरप्पा धनगराच्या मेंढरांच्या वाड्यावरची पोरं व्हय? खतासाटी मेंढरं बसवली हुती की रानात. त्या पोरी हितंच बांधावर बसून मोबाइलवर फारम भरायच्या. लई हुशार."

"मग आता कुठे आहेत?"

"पाऊसकाळ लागला, सायेब. मेंढरं घिऊन गेली आपल्या गावाला, बोरहळ्ळीला."