पांढरे टाके

"एवढी अक्षरं पुसून मिळतील का?" म्हाताऱ्याने आपला फोन काउंटरवर ठेवला.

फोटोवाल्याने स्क्रीनकडे पाहिलं. निळ्या पडद्यासमोर बसलेली मुलगी, ऐन शिंकेत पकडलेली. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा, तोंड वाकडं. वर ठळक अक्षरांत ‘सोमवारी सकाळी मी’. तीन वर्षांपूर्वी हे मीम ज्याच्या फोनमध्ये नव्हतं, असा माणूस शोधून सापडला नसता.

"माझी मुलगी," म्हातारा म्हणाला. "गेल्या महिन्यात गेली. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. भिंतीवर लावायला फोटो हवाय."

"दुसरा एखादा नाही का?"

"हा जगभर पसरल्यावर तिने कुणाला फोटो काढूच दिला नाही. लग्नकार्यातही भिंतीला पाठ लावून मागे उभी राहायची. आधीचे होते, ते तिनेच फाडले."

 हा फोटो फोटोवाल्यानेच काढला होता. नोकरीच्या अर्जासाठी आली होती ती. शिंकली, ओशाळली. "होतं असं," म्हणत त्याने दुसरा काढला, तो छान आला. दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. रिकामपणचा उद्योग म्हणून वाया गेलेल्या फोटोवर त्याने एक ओळ टाकली आणि चार मित्रांना पाठवली. पुढे ते त्याच्या हातात राहिलं नाही. पहिले काही दिवस तर त्याला अभिमानही वाटला होता.

तो दुसरा फोटो अजून कॉम्प्युटरमध्ये होता. छापायला दोन मिनिटं लागली असती. पण दिला की चोरी उघडी पडणार. निळे पडदे काय, सगळ्याच दुकानांत असतात.

"हाच साफ करून देतो," तो म्हणाला. "डोळे उघडतो, ओठ सरळ करतो. कळणारसुद्धा नाही."

"मग ती माझी मुलगी कशी राहील? तुम्ही काढलेला चांगला फोटो द्या."

"मी? नाही हो, तुमचा काहीतरी गैरसमज..."

म्हाताऱ्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुलीच्या कानाच्या वर, पडद्यावर, पांढऱ्या दोऱ्याचे पाच टाके दिसत होते. फोटोवाल्याला मागे वळून पाहायची गरज नव्हती. पडदा फाटला तेव्हा बायकोकडे निळा दोरा नव्हता. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक फोटोतून तो ते टाके न चुकता पुसायचा. टिंगलीच्या फोटोत कोण पुसत बसतो?

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी," म्हातारा म्हणाला. "बारीक बघायची सवय आहे. हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तुमच्या दारावरून जाऊन पडदाही पाहून आलो होतो."

फोटोवाल्याने कॉम्प्युटरमधून फोटो शोधला. मुलीचे दोन्ही डोळे उघडे होते आणि ओठांवर हसू जेमतेम दाबलेलं होतं. छापलेला कागद त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"तेव्हाच का नाही आलात?" त्याने विचारलं. "मला चार शिव्या तरी द्यायच्या."

म्हातारा फोटोकडे बघत होता.

"त्या दिवशी ती दोन ठिकाणी फोटो काढून आली होती. धुळीने दोन्हीकडे शिंकली. आधी गेली त्या दुकानातला माणूस पोट धरून हसला. हे त्याचंच काम, असं ती शेवटपर्यंत समजत होती. म्हणायची, बाबा, सगळं जग हसलं, पण ते दुसरे फोटोवाले काका नाही हसले." त्याने फोटो अलगद पाकिटात सरकवला. "म्हणून हे टाके मी तिला कधी दाखवले नाहीत."