सोळावा शनिवार

सिद्धेशने यंत्राच्या नळीत फुंकर मारली आणि गार्गीचा जीव टांगणीला लागला. आकडा यायला चारच सेकंद लागतात. पण पंधरा शनिवार झाले तरी त्या चार सेकंदांची तिला सवय झाली नव्हती.

शून्य आलं.

"बोललो ना मॅडम," सिद्धेश म्हणाला आणि नळी पुसून व्यवस्थित टेबलावर ठेवली.

जोगेश्वरीच्या रेशन दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत कोर्टाने पाठवलेले नवरे यायचे, दारू पिऊन बायकोला मारणारे. आधी श्वासाची तपासणी, मग दोन तास गटात बसून बोलायचं, असे सोळा शनिवार. एकदा जरी आकडा वर गेला तरी जामीन रद्द. आठ जणांनी सुरुवात केली होती. शेवटपर्यंत टिकला तो एकटा सिद्धेश.

आज त्याने पिशवीतून एक कप काढून दाखवला. मंडळाच्या कॅरम स्पर्धेत पहिला आला होता. चार वर्षं नुसता हरत होतो, म्हणाला, दारूने हात थरथरायचा.

"आता नाही. आता बघतो तिथेच नेम लागतो. फायनलला राणी एका फटक्यात घेतली."

गार्गीला खरंच आनंद झाला, आणि आनंद झाला की तिला हटकून भीती वाटायची. मागच्या गटात सपना नावाच्या बाईच्या नवऱ्यानेही सोळा शून्यं मिळवली होती. सतराव्या शनिवारी तो तर्र होऊन घरी गेला आणि सपना महिनाभर हॉस्पिटलात पडून राहिली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गार्गी हल्ली ताकाकडे बघायलाही घाबरायची.

नियमाप्रमाणे तिने सिद्धेशला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या बायकोला आत घेतलं. श्रुतिका पहिल्यांदा आली होती तेव्हा तिचा डोळा काळानिळा होता आणि कपाळाला सहा टाके. आज चेहरा कसा स्वच्छ होता. मे महिन्याच्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा नवा ड्रेस घातला होता. चला, नवीन कपडे घालावेसे वाटतात हेही काही कमी नाही, असं गार्गीच्या मनात आलं. बसली मात्र होती नेहमीसारखी, खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता, उठून पळायच्या तयारीत असल्यासारखी.

फॉर्ममधला पहिला प्रश्न दारूचा. या महिन्यात प्यायला का? नाही. घरात आणली का? नाही. कुणाबरोबर बसला? नाही. शेवटचा प्रश्न होता अंगावरच्या खुणांचा. तो गार्गी कधी विचारायची नाही, बाईला कानकोंडं होतं म्हणून. तिने चेहऱ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नाहीत'.

"झालं. सोमवारी अहवाल जाईल," ती म्हणाली. "आता यायला नको."

श्रुतिकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणजे आता त्यांना कुणी फुंकायला नाही लावणार?"

"नाही."

"कधीच नाही? नक्की ना, ताई?"

गार्गीने ओळखलं. हीच ती भीती, सपनाचीही हीच होती. तिने खूप समजावलं, काही झालं तर लगेच फोन कर म्हणून नंबर पुन्हा लिहून दिला. निघताना तिच्या पाठीवर थाप मारली, तर श्रुतिका केवढी दचकली. इतक्या वर्षांची धास्ती एका दिवसात कशी जाणार, असं म्हणून गार्गीने कपाट बंद केलं.

बाहेर सिद्धेश बायकोची चप्पल सरळ करून देत होता. मालाडला मावशीकडे जाऊन मालवणी मसाला घेऊन येते, असं श्रुतिकाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, जा, मी मंडळात आहे. काही गडबड नाही, आवाज चढवणं नाही. तरी गार्गीच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली.

गार्गीचं घरही मालाडलाच. तासाभराने रिक्षातून उतरून ती भाजी घ्यायला वळली आणि समोरच्या वाइन शॉपच्या जाळीशी तिला तो नवा ड्रेस दिसला. आजूबाजूच्या पुरुषांनी दोन हात जागा सोडली होती. श्रुतिकाने क्वार्टर घेतली, हातातल्या पिशवीत मसाल्याच्या पुड्याखाली दडवली आणि वळली ती थेट गार्गीसमोर.

"सिद्धेशने आणायला लावली?" गार्गीने विचारलं.

त्यांना माहीतही नाही, श्रुतिका म्हणाली. संध्याकाळी जेवणाआधी त्यांच्यापुढे नेऊन ठेवणार आहे. आज नाही म्हणाले तर उद्या ठेवीन. इतके दिवस त्या यंत्राच्या धाकाने हातच लावत नव्हते.

गार्गीचं डोकंच फिरलं. भर रस्त्यात ती वाटेल ते बोलली. चार महिने, सोळा शनिवार, कपाळावरचे टाके, सगळं काढलं. सपनाची गोष्टही सांगितली, जी ती कुणाला सांगत नसे. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस, म्हणाली, एवढा सुधारलेला माणूस हाताने बिघडवतेस, वेड लागलंय का तुला?

श्रुतिका पिशवी खांद्याला लावायला गेली, थांबली आणि पुन्हा हातातच धरली.

"प्यायले की त्यांचा नेम चुकतो, ताई."