दोन लेबलं

संशोधनासाठी रुग्णांचं रक्त जपून ठेवणाऱ्या त्या बँकेत दर वर्षी प्रत्येकाची एक नळी भरायची. प्रत्येक नळीला वेगळा नंबर, आणि पुढच्या सगळ्या वर्षांची लेबलं पहिल्याच दिवशी छापायची.

"अगं, आधीच्या बाईंना दहा आणि मला दोनच?" पहिल्यांदाच रक्त द्यायला आलेल्या मावशींनी विचारलं.

लेबलं काढणाऱ्या मुलीने यंत्राकडे पाहिलं. एकही लेबल वाया जाऊ नये म्हणून, रुग्ण जेवढी वर्षं जगेल असं डॉक्टर धरतील तेवढीच निघावीत, ही सोय सॉफ्टवेअरमध्ये तिनेच करून शाबासकी मिळवली होती.

"रोल संपला, मावशी."

"असं होय! उगाच धसका घेतला मी." मावशी हसत उठल्या.

तेवढ्यात यंत्र खडखडलं आणि पुढच्या रुग्णाची लेबलं बाहेर येऊ लागली. दोघीही ती मोजत राहिल्या.