धून संपेपर्यंत

यजमान गेल्यापासून पियानो धूळ खात पडला आहे, असे समजून मुलाने तो परस्पर विकला. तो कचेरीत गेला, की मी मोबाईलवर मिनिटभराचे धडे पाहून जॅझ शिकते, हे त्याच्या गावीही नव्हते. हमाल दारात आले, तेव्हा मी स्टुलावर ठाण मांडले. “आई, या वयात हे काय खूळ?” “वयाचं माझं मी बघेन. एवढी धून संपली, की खुशाल न्या.” मुलाने मान डोलावली. डाव्या हाताने मी ठेका धरला आणि उजव्याला मोकळे सोडले. धून शेवटाशी आली, की मी पुन्हा आरंभ गाठी. हमालांनी पट्टे खाली ठेवले; सुनेचा पाय ताल देऊ लागला. “अगं, संपव ना आता!” मुलगा वैतागला. “कशी संपवणार? शेवटाचा धडा मास्तरांनी अजून टाकलेलाच नाही. सूनबाई, या मंडळींना खुर्च्या दे.”