पडून असलेले फ्लॅट

"खरवईत माझे चाळीस फ्लॅट पडून आहेत, गिऱ्हाईकच नाही. स्टॅम्प ड्युटी कमी करा, नाहीतर आम्ही बिल्डर मेलो!" सरकारी बैठकीत कल्पेशशेठने टेबलावर हात आपटला. कोपऱ्यात अस्मिता बैठकीचं इतिवृत्त लिहीत होती. बैठक उठल्यावर तिने त्याला गाठलं.

"सर, मला वन बीएचके हवाय. लोन मंजूर आहे."

"अरे वा, मॅडम! उद्याच या साइटवर. नाव काय लिहू?"

"अस्मिता ओव्हाळ."

शेठचं बोट मोबाइलवर थांबलं. "जयभीमवाले का? सॉरी हां, ते सगळे गेले. एकपण उरला नाही."

 जागेवर येऊन अस्मिताने इतिवृत्त पुरं केलं : 'सर्व फ्लॅट विकले गेल्याचे बिल्डरांनी स्वतः सांगितले. सबब, सवलतीची आवश्यकता नाही.'